कोटणीसांच्या आधीचं एक पत्र

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. १९३८च्या सप्टेंबरात ते चीनला निघाले, तेव्हा नागपूरचे डॉ. चोळकरही त्या पाच जणांच्या पथकात होते. काँग्रेसने हे पथक पाठवलं त्याच्या मागे नोव्हेंबर १९३७मधली दोन पत्रं आहेत. नेहरूंना मदतीसाठी लिहिलेलं एक पत्र जपानशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्ट सैन्याचे सेनापती झू दे यांचं. दुसरं त्याच्या तीनच दिवस आधीचं, अ‍ॅग्नेस स्मेडली या अमेरिकन लेखिकेचं. तिला नेहरूच का आठवले, याचं उत्तर तिच्या आयुष्यात वीस वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं.

अ‍ॅग्नेस १८९२ची, मिसुरी राज्यातल्या ऑसगूडची. वडील कामाच्या शोधात कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडच्या कोळसाखाणींकडे गेले आणि सगळं कुटुंब त्यांच्यामागून गेलं. आई लोकांचे कपडे धुवायची. १९१०मध्ये आई वारली. मुलगी तोवर पुरतं शिक्षण नसतानाही खेड्यातली मास्तरीण झाली होती. लग्न झालं, मोडलं. सान दिएगोतल्या अध्यापिका-विद्यालयातली नोकरी समाजवादी विचारांपायी गेली आणि ती न्यूयॉर्कला आली.

तिथे तिला लाला लजपतराय भेटले. मायदेशी परतणं अवघड झाल्याने ते तेव्हा अमेरिकेत होते. ते तिला हिंदुस्थानचा इतिहास शिकवत, ती त्यांची हस्तलिखितं टाइप करी. खाणकामगाराच्या मुलीला परक्या देशाचं पारतंत्र्य इतकं जवळचं का वाटावं? माझ्या मते उपाशी माणसाला साम्राज्य समजावून सांगावं लागत नाही. तिने पुढे बंगाली क्रांतिकारकांसाठीही काम केलं आणि मार्च १९१८मध्ये तिला अटक झाली. हेरगिरीच्या कायद्याखालच्या आरोपांना संततिनियमनाची माहिती पसरवल्याचा आरोपही जोडला होता. न्यूयॉर्कच्या 'टूम्ब्स' तुरुंगात ती काही आठवडे होती. खटला कधी उभाच राहिला नाही. तुरुंगात भेटलेल्या बायकांवर तिने शब्दचित्रं लिहिली आणि ती समाजवादी दैनिक 'न्यूयॉर्क कॉल'मध्ये छापून आली. तिच्यातली लेखिका खरी तिथे दिसते.

नंतर बर्लिन. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यासोबत ती काही वर्षं राहिली. लग्न झालं नव्हतं, पण संसार मात्र पुरता होता, भांडणं आणि मनोविश्लेषकाकडच्या फेऱ्या धरून. १९२१मध्ये मॉस्कोला गेलेल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गटात हे दोघंही होते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही त्याच गटातले. त्या संसारातून बाहेर पडताना तिने 'डॉटर ऑफ अर्थ' लिहिली. १९२९ची ही कादंबरी जवळजवळ आत्मचरित्रच आहे. आईचे फुटलेले हात, मावशीचा वेश्याव्यवसाय, स्वतःचे गर्भपात, काही झाकलेलं नाही. पुढे ही कादंबरी विस्मृतीत गेली. १९७३मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीवादी प्रकाशनाने ती पुन्हा छापली.

अ‍ॅग्नेसची कादंबरीनंतरची वर्षं चीनमधली. एका जर्मन दैनिकाची बातमीदार म्हणून ती गेली आणि लढाईच्या आघाडीवरून लिहू लागली. १९३७मध्ये चिनी कम्युनिस्टांच्या तळावर, येनानला असताना तिने कम्युनिस्ट नेत्यांना नाच शिकवला आणि त्यांच्या बायकांचा रोष ओढवून घेतला. चिनी पक्षाने तिला सदस्य मात्र करून घेतलं नाही. शिस्तीत बसणारी ती नव्हतीच.

१९४९मध्ये अमेरिकी सैन्याच्या एका अहवालाने तिला सोव्हिएत हेर ठरवलं आणि मग सैन्याने ते विधान मागे घेतलं. पण पुढे उघडलेल्या कागदपत्रांवरून तिने मॉस्कोसाठी गुप्तपणे काम केल्याचं अभ्यासकांनी दाखवलं आहे, म्हणून तिला निष्पाप बळी म्हणणंही सोपं नाही. ती इंग्लंडला गेली आणि ६ मे १९५०ला ऑक्सफर्डमध्ये शस्त्रक्रियेनंतर वारली. १९५१मध्ये तिच्या अस्थी बीजिंगच्या बाबाओशान स्मशानभूमीत ठेवल्या गेल्या. तिथल्या दगडावर 'अमेरिकन क्रांतिकारी लेखिका' ही अक्षरं आहेत. ती झू दे यांच्याच हातची.