आभार पाठवायचे कुठे? मुक्त सॉफ्टवेअरमधली एक जुनी अडचण

1991 साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सने लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली इंटरनेटवर फुकट ठेवली. काहींनी पैसे पाठवू का म्हणून विचारलं, तर त्याने पैशांऐवजी पोस्टकार्ड मागितलं. जपान, न्यूझीलंड, नेदरलँड्स, अमेरिका, कुठून कुठून कार्डं घरी येऊन पडू लागली. त्याचा संगणक हप्त्यांवर घेतलेला होता. पुढे वापरणाऱ्यांनी चक्क वर्गणी काढून उरलेले पैसे फेडले.

पोस्टकार्डं फार काळ पुरणारी नव्हती, कारण लवकरच आभार एकट्याचे मानायचे राहिले नाहीत. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे या प्रणालीच्या गाभ्याच्या, कोडसोबत 'क्रेडिट्स' नावाची एक साधी फाइल असते. त्यात माणसाचं नाव, ईमेल, त्याने काय काम केलं ते, आणि बऱ्याच जणांचा टपालाचा पत्तासुद्धा. क्रम आडनावाप्रमाणे, त्यामुळे खुद्द टॉरव्हाल्ड्स खाली 'टी'मध्ये सापडतो. आपल्या स्मरणिकांत देणगीदारांची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्या सवयीच्या माणसाला हे जरा चमत्कारिकच वाटेल. शिवाय ही यादी निदान अर्धवट तरी आहे, अशी कबुली फाइलच्या सुरुवातीलाच दिलेली आहे.

पण ही झाली काम करणाऱ्यांनी एकमेकांची ठेवलेली नोंद. वापरणाऱ्याने 'छान चाललंय' हे कळवायचं कुठे? नीट चालणारं सॉफ्टवेअर कोणाच्या लक्षात येत नाही. बिघडलं की मात्र लगेच आठवण होते. 1998 मध्ये मोझिला या ब्राउझर प्रकल्पाच्या कामातून बगझिला हे तक्रारी नोंदवण्याचं सॉफ्टवेअर सर्वांना खुलं झालं आणि तक्रारीला क्रमांक, रकाने, पाठपुरावा असं सगळं मिळालं. आभाराला रकाना नव्हता. सॉफ्टवेअर सांभाळणारा बिनपगारी माणूस सकाळी टपालपेटी उघडतो आणि आत फक्त गाऱ्हाणी, असं वर्षानुवर्षं चालतं.

पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या मंडळींनी यावर काढलेला तोडगा मला सगळ्यात आवडतो. पर्लसोबत 'पर्लबग' नावाचं तक्रार पाठवण्याचं साधन येतं. त्याचंच दुसरं रूप त्यांनी केलं, 'पर्लथँक्स'. यंत्रणा तीच, पण पत्र आभाराचं. नुसत्या तक्रारी वाचून मन खचतं, हे त्यांनी नव्या आवृत्तीच्या टिपणात सरळ लिहून टाकलं होतं.

लिनक्सवाल्यांनी उलट बाजूने वाट काढली. दुरुस्तीच्या नोंदीत 'रिपोर्टेड-बाय' म्हणून दोष दाखवणाऱ्याचंच नाव लिहायचं, म्हणजे तो पुन्हा मदतीला येईल. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ तर आपल्या पुस्तकातली चूक शोधणाऱ्याला 2.56 डॉलरचा चेक पाठवत. अनेकांनी तो वटवलाच नाही, फ्रेम करून भिंतीवर लावला.

काही आभार मात्र उशिरा पोहोचले. स्वयंसेवकांनी लिनक्सवर उभारलेल्या डेबियन या प्रणालीची 2.2 ही आवृत्ती 15 ऑगस्ट 2000 रोजी आली, ती जोएल क्लेकर याला अर्पण केलेली. 'एस्पी' या नावाने तो प्रकल्पात ओळखला जायचा. त्याआधी महिनाभर, 11 जुलैला, वयाच्या 21 व्या वर्षी तो गेला. स्नायू झिजवणाऱ्या ड्यूशेन या आजाराने अंथरुणाला खिळलेला असताना त्याने बहुतेक काम केलं होतं, आणि सोबतच्या बहुतेकांना त्याच्या आजाराचा पत्ताच नव्हता.

नुसत्या गाऱ्हाण्यांचं ओझं कुठवर नेतं, ते एक्सझेडच्या प्रकरणात दिसलं. ही फाइल लहान करणारी प्रणाली मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता. 2022 मध्ये काही अनोळखी नावांनी कामाच्या संथपणावरून तगादा लावला, तेव्हा हा बिनपैशाचा छंद आहे, याची आठवण त्याला करून द्यावी लागली. तेव्हा मदतीला असलेल्या, नंतर सहसांभाळकर्ता झालेल्या खात्यानेच पुढे तिच्यात चोरवाट, म्हणजे इतरांच्या संगणकात गुपचूप शिरण्याची सोय, घुसवली. ती मार्च 2024 मध्ये उघडकीस आली. तगादा लावणारी ती नावंही खोटी असावीत, असा संशय नंतर घेतला गेला.

मराठीशी या साऱ्याचा धागा अगदी बारीक आहे. ग्नोम या लिनक्सवरच्या खिडक्या-मेनूंच्या मुक्त प्रकल्पाचे प्रोग्रॅम मराठीत आणणाऱ्यांपुढे भाषांतराच्या फाइलमध्ये 'ट्रान्सलेटर-क्रेडिट्स' अशी एक ओळ येते. तिचं भाषांतर करायचं नसतं, तिथे आपलं नाव घालायचं असतं. मग प्रोग्रॅमच्या माहितीच्या खिडकीत ते दिसतं. ओळ तशीच सोडली, तर भाषांतरकारांचा तो भाग खिडकीत उमटतच नाही.