माती नमतं केव्हा घेते?

समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर पाय टाकला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट पडते. दाबल्यावर खरं तर पाणी वर यायला हवं. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८५ मध्ये याचा उलगडा केला. घट्ट बसलेल्या कणांना सरकायचं तर एकमेकांवर चढावं लागतं, मधली पोकळी वाढते आणि पाणी आत ओढलं जातं.

कण असा समोर दिसत असूनही मातीच्या गणितात त्याला जागा नव्हती. मार्तिनिक बेटावर किल्ला बांधून परतलेला फ्रेंच लष्करी इंजिनिअर कुलोम याने १७७३ मध्ये मातीचं बळ घर्षण आणि चिकटपणा या दोनच गोष्टींत बसवलं. कुलोमने कण मुद्दाम नजरेआड केले, हीच मूळ चूक, असं मातीचा अभ्यास करणारा इंजिनिअर कार्ल तेर्झागी याने १९२० मध्ये लिहिलं. जरा कडकच बोलला. कणाकणाचा हिशोब तेव्हा करणार तरी कोण?

पुढे केंब्रिजमध्ये रॉस्को, स्कोफिल्ड आणि रॉथ यांनी १९५८ मध्ये मातीच्या 'यील्डिंग'वर, म्हणजे नमतं घेण्यावर, निबंध लिहिला आणि त्यातूनच 'कॅम क्ले' हे मातीचं गणिती मॉडेल उभं राहिलं. ताणांच्या आलेखावर एक सीमा आखायची. ताण आत असेतो माती पूर्ववत होते, सीमेला भिडला की कायमची बदलते. इंजिनिअरांना हे फार सोयीचं पडलं. पण सीमेचा आकार तसाच का, हे सलग मातीला, म्हणजे कण न धरता एकसंध मानलेल्या मातीला, विचारून कळणार नव्हतं.

ते कणांनाच विचारायची सोय १९७९ मध्ये कंडॉल आणि स्ट्रॅक या संशोधकांनी केली. कॉम्प्युटरमध्ये गोल चकत्या. दोन चकत्या टेकल्या की मध्ये एक स्प्रिंग, आणि जोर घर्षणापलीकडे गेला की घसरण. प्रत्येक चकतीला न्यूटनचा नियम लावायचा, काळ किंचित पुढे ढकलायचा, पुन्हा तेच. डच संशोधकांनी प्रकाशाखाली ताण दाखवणाऱ्या खऱ्या चकत्या दाबून काढलेल्या चित्रांशी त्यांनी ताडून पाहिलं, तर जोराच्या रेघा बऱ्याच जुळल्या. भार सगळे कण सारखा वाहत नाहीत. काहींच्या साखळ्या तो पेलतात, बाकीचे नुसते आधाराला. या साखळ्या वाकून मोडू लागल्या की माती नमतं घेते. खूप दाबाखाली कण स्वतःच फुटतात. मॅकडॉवेल आणि बोल्टन यांनी १९९८ मध्ये यील्डिंगचा संबंध या फुटण्याशी जोडला.

अडचण संख्येची. ०.२ मिलिमीटरचे कण धरले तरी एका ग्रॅम वाळूत सुमारे ९० हजार भरतात. अख्खं धरण असं मोजायचं म्हणजे संपलंच. म्हणून कणांचा एवढासा ठोकळा वेगवेगळ्या दिशांनी दाबून पाहतात, आणि त्यातून निघालेला नियम सलग मातीच्या प्रोग्रॅममध्ये घालतात.