कंपनीच्या मेल सर्व्हरची जडणघडण

कंपनीसाठी ई-मेल सर्व्हर निवडायला बसलं की समोर येणारी यादी साधारण सारखीच असते: स्वतःचं डोमेन, स्पॅम फिल्टर, व्हायरस तपासणी, सामायिक कॅलेंडर, मोबाइलवर मेल, अर्काइव्ह, एन्क्रिप्शन, दोन टप्प्यांचं लॉगिन. ही यादी कुणी एका बैठकीत आखलेली नाही. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी अडचणीनंतर, काही वेळा मोठ्या नुकसानीनंतर आली आहे. कोणती सोय कशामुळे आली हे कळलं की आपल्या कंपनीला तिची किती गरज आहे हेही कळतं. इतिहासात शिरण्याचं कारण तेच.

सुरुवात एका यंत्राच्या आत झाली. १९६५ मध्ये एमआयटीच्या सीटीएसएस या अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकावर टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी ‘मेल’ ही आज्ञा लिहिली. त्याच यंत्रावर काम करणाऱ्या दुसऱ्या माणसासाठी निरोप ठेवायचा, एवढंच तिचं काम. १९७१ मध्ये बीबीएन कंपनीतल्या रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कवरच्या दोन यंत्रांमध्ये निरोप पाठवून दाखवला आणि पत्त्यात माणसाचं नाव व यंत्राचं नाव वेगळं ठेवायला @ हे चिन्ह वापरलं. कंपनीचा मेल आजही याच मांडणीवर उभा आहे. डावीकडे माणूस, उजवीकडे संस्था. माणूस नोकरी सोडून गेला तरी उजवी बाजू जागची हलत नाही.

सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात ते ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजात मांडले. हाच एसएमटीपी. त्यातली जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती जाहिरातीत कधी दिसत नाही. मेल स्वीकारला असं एकदा सांगितलं की तो पुढे पोचवायची, नाहीतर पाठवणाऱ्याला परत कळवायची जबाबदारी त्या सर्व्हरची. समोरचा सर्व्हर बंद असेल तर मेल रांगेत राहतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न होतो. चारने सुरू होणारा उत्तराचा आकडा म्हणजे ‘नंतर या’, पाचने सुरू होणारा म्हणजे ‘येऊ नका’. आजच्या प्रमाणानुसार हार मानण्याआधी किमान चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवायचा असतो. त्यामुळे कंपनीचा सर्व्हर रात्रभर बंद पडला तरी बाहेरून येणारे मेल सहसा हरवत नाहीत, उशिरा येतात. ज्या काळात यंत्रं आणि तारा वरचेवर बंद पडत, त्या काळाने दिलेली ही देणगी आहे.

दुसरा मोठा टप्पा जानेवारी १९८६ चा. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नावावरून यंत्र शोधून देणारी यंत्रणा, आणलं होतं. त्यात आता एमएक्स नोंद आली. या डोमेनचा मेल कोणत्या यंत्राकडे द्यायचा, आणि ते मिळालं नाही तर दुसऱ्या कोणत्या, हे ती सांगते. पत्ता यंत्रापासून सुटला. कंपनीने सर्व्हर बदलला, सेवा देणारा बदलला, तरी व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता तोच राहू शकतो. ‘स्वतःचं डोमेन’ हे शब्द यादीत रुबाबासाठी असल्यासारखे दिसतात, पण त्यांचा खरा अर्थ उद्या दुसरीकडे जाण्याची मोकळीक असा आहे.

या सगळ्या रचनेत एक भोक मात्र पहिल्यापासून होतं. नेटवर्कवरची माणसं थोडी आणि एकमेकांच्या ओळखीतली, त्यामुळे पाठवणारा खरोखर तोच आहे का हे विचारायची तरतूद एसएमटीपीत नव्हती. मेलचंही टपालासारखंच आहे: पाकिटावरचा पत्ता वेगळा आणि आतल्या पत्रावरचं नाव वेगळं असू शकतं, आणि दोन्ही लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. शिवाय कुठलाही सर्व्हर कुणाचाही मेल पुढे पोचवून देई; तो शेजारधर्म मानला जाई. पुढच्या चाळीस वर्षांतल्या बऱ्याचशा सोयी या एका भोळेपणाची भरपाई आहेत.

पहिला धक्का सर्व्हरच्या सॉफ्टवेअरला बसला. एरिक ऑलमन यांचं सेंडमेल विद्यापीठांत आणि कंपन्यांत सर्रास चालत असे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने ज्या वाटांनी यंत्रांत प्रवेश मिळवला त्यातली एक होती सेंडमेलमध्ये उघडी राहिलेली चाचणीची सोय. एकच मोठा प्रोग्रॅम सगळे अधिकार घेऊन इंटरनेटला तोंड देतो हे किती घातक आहे ते त्यातून दिसलं. डॅन बर्नस्टाइन यांचं क्यूमेल आणि विट्झे व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये लिहिलेलं, १९९८ मध्ये खुलं झालेलं पोस्टफिक्स ही त्याची उत्तरं. त्यात काम छोट्या छोट्या भागांत वाटलं आणि प्रत्येक भागाला लागेल तेवढाच अधिकार दिला. पोस्टफिक्स आजही असंख्य मेल यंत्रणांच्या तळाशी चालू आहे.

दरम्यान कार्यालयांच्या आत मेलचा वेगळाच प्रवाह वाढत होता. आयबीएमचं प्रॉफ्स, डीईसीचं ऑल-इन-वन या मोठ्या यंत्रांवरच्या प्रणाली. नंतर कार्यालयातले पीसी जोडणाऱ्या लॅनवर सीसी:मेल आणि मायक्रोसॉफ्ट मेल. या शेवटच्या दोघांत टपाल कार्यालय म्हणजे फाइल सर्व्हरवरचं एक सामायिक फोल्डर. प्रत्येकाचा पीसी त्यात थेट लिहायचा. माणसं वाढली, फाइली मोठ्या झाल्या, की फोल्डर बिघडायचं. एप्रिल १९९६ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज ४.० ने हा साठा सर्व्हरच्या ताब्यात घेतला. पीसीने मागायचं आणि सर्व्हरने द्यायचं. त्याआधीच, १९८९ मध्ये, लोटस नोट्सने मेल, कागदपत्रं आणि छोटे अर्ज एकाच ठिकाणी आणून सर्व्हर-सर्व्हरमध्ये त्यांच्या प्रती जुळवत ठेवायची पद्धत रुजवली होती.

कंपनीचा मेल आणि घरगुती मेल यांच्या वाटा इथे वेगळ्या झाल्या असं मी मानतो. कंपनीच्या सर्व्हरवर आता निरोपांबरोबर माणसांची यादीही राहू लागली: कोण कोणत्या विभागात, कोणाची बैठक कधी, कोणती खोली मोकळी, साहेबांच्या वतीने मेल पाठवायचा अधिकार कुणाला, विक्री विभागाचा सामायिक इनबॉक्स कोण बघणार. एक्स्चेंजच्या याच निर्देशिकेतून पुढे विंडोज २००० ची, कंपनीतली सगळी खाती एका जागी सांभाळणारी अॅक्टिव्ह डिरेक्टरी तयार झाली. कर्मचारी गेला की एक खातं बंद करायचं आणि सगळी दारं बंद होतात, ही सोय त्या वंशातली.

सामायिक यादीचा त्रासही लवकरच दिसला. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आतच ‘बेडलम डीएल३’ नावाच्या यादीवर कुणीतरी ‘मला यातून काढा’ असं लिहिलं. यादीत सुमारे १३,००० पत्ते. लोकांनी सगळ्यांना उत्तर देत ‘मलाही काढा’ लिहिलं, मग ‘सगळ्यांना उत्तर देऊ नका’ हेही सगळ्यांनाच लिहिलं, आणि सर्व्हर कोलमडले. हा किस्सा पुढे एक्स्चेंज बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवला आहे. एका मेलला किती प्राप्तकर्ते चालतील आणि मोठ्या यादीवर लिहायचा अधिकार कुणाला, या सेटिंगकडे त्यानंतर नव्या नजरेने पाहिलं गेलं.

मेल यंत्राबाहेर वाचण्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९८४ च्या पॉप या पद्धतीत मेल उतरवून घ्यायचा आणि सर्व्हरवरून पुसायचा, हा रिवाज. १९८६ मध्ये स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅपची सुरुवात केली, त्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि वाचला, न वाचला ही खूणही तिथेच असते. फोन, लॅपटॉप आणि ऑफिसचा पीसी तिन्हीकडे एकच इनबॉक्स दिसतो तो या निर्णयामुळे. नथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांच्या १९९२ च्या माइम या प्रमाणाने अटॅचमेंट आणि इंग्रजीखेरीज इतर लिप्या शक्य केल्या. अटॅचमेंट मेलमधून जाताना मूळ फाइलपेक्षा साधारण एक-तृतीयांश फुगते. २५ एमबीची मर्यादा असताना २० एमबीची फाइल का परत येते, याचं उत्तर तिथे आहे.

आता पुन्हा त्या भोकाकडे. नव्वदच्या दशकात मेल सर्वांसाठी खुला झाला आणि शेजारधर्म पाळणारे सर्व्हर स्पॅमवाल्यांच्या हाती लागले. कुणाचाही मेल पुढे धाडायची ती मोकळीक, म्हणजे ओपन रिले, बंद करणं भाग पडलं. १९९८-९९ मध्ये मेल दाखल करण्यासाठी ५८७ हा वेगळा पोर्ट (सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार), पासवर्ड देऊन पाठवायची पद्धत आणि मार्गातल्या एन्क्रिप्शनसाठी स्टार्टटीएलएस अशी तिन्ही प्रमाणं आली. त्याच सुमारास काळ्या यादीतल्या आयपीकडून, म्हणजे यंत्राच्या नेटवर्कवरच्या पत्त्याकडून, मेल न घेण्याची प्रथा पडली. अशी यादी चालवणारी स्पॅमहाउस ही संस्था १९९८ ची. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ वर्मने इतकी धावपळ उडवली की अनेक संस्थांनी मेल सर्व्हरच बंद ठेवले. अटॅचमेंट माणसापर्यंत पोचण्याआधी सर्व्हरच्या दाराशीच तपासायची, धोकादायक प्रकारची फाइल तिथेच अडवायची, हे त्यानंतर ऐच्छिक उरलं नाही. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या लेखाने शब्दांच्या संभाव्यतेवर चालणारा, प्रत्येकाच्या मेलवरून शिकणारा फिल्टर लोकप्रिय केला.

फिल्टर मजकुराचा अंदाज करतो. ओळख सिद्ध करत नाही. ते काम तीन नोंदींनी केलं. २००६ चं एसपीएफ सांगतं की आमच्या डोमेनचा मेल कोणत्या आयपीवरून येऊ शकतो. पण ते पाकिटावरचा पत्ता बघतं, आणि मेल कुणी फॉरवर्ड केला की फसतं. याहू आणि सिस्को यांच्या वेगवेगळ्या प्रयत्नांतून २००७ मध्ये आलेलं डीकेआयएम मेलवर डोमेनची डिजिटल सही करतं. २०१२ मध्ये जाहीर झालेलं आणि २०१५ मध्ये आरएफसी ७४८९ म्हणून प्रसिद्ध झालेलं डीमार्क या दोघांना वाचणाऱ्याला दिसणाऱ्या पत्त्यातल्या डोमेनशी जोडतं, आणि जुळलं नाही तर काय करायचं हे डोमेनच्या मालकाला सांगू देतं: सोडा, स्पॅममध्ये टाका की नाकारा. शिवाय आपल्या नावाने जगात कोण मेल पाठवतंय याचा अहवाल रोज मिळू शकतो. मला विचाराल तर लहान कंपनीने पहिला दिवस यावरच घालवावा. घाईने ‘नाकारा’ लावलं तर आपलीच बिलं पाठवणारी जुनी प्रणाली अडकते, म्हणून आधी अहवाल वाचायचे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांकडून या तिन्ही नोंदी मागतात. जीमेलसाठी ही रेषा दिवसाला ५,००० मेलची आहे.

अर्काइव्हचा इतिहास न्यायालयांतून आणि चौकशी समित्यांतून जातो. नोव्हेंबर १९८६ मध्ये अमेरिकेने इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याचं इराण-कॉन्ट्रा प्रकरण उघडं पडताना त्यात गुंतलेले अधिकारी ऑलिव्हर नॉर्थ यांनी व्हाइट हाउसच्या प्रॉफ्स प्रणालीवरचे आपले निरोप मोठ्या संख्येने पुसले. बॅकअपच्या टेपवर त्यांच्या प्रती राहिल्या होत्या, आणि चौकशीत त्या बाहेर आल्या. पुसलेला मेल गेलेला नसतो, हे तेव्हा सर्वांना कळलं. डिसेंबर २००२ मध्ये पाच अमेरिकी ब्रोकरेज कंपन्यांना नियमाप्रमाणे मेल जपून न ठेवल्याबद्दल एकूण ८२.५ लाख डॉलर दंड झाला. १ डिसेंबर २००६ पासून अमेरिकेच्या संघीय दिवाणी न्यायालयांच्या नियमांत इलेक्ट्रॉनिक नोंदी स्पष्ट शब्दांत आल्या. बॅकअप आणि अर्काइव्ह यांतला फरक इथून पक्का झाला: सर्व्हर जळाला तर परत उभा करण्यासाठी बॅकअप, आणि तीन वर्षांपूर्वी त्या करारावर कोण काय म्हणालं हे छेडछाडीविना दाखवण्यासाठी अर्काइव्ह. एक घेतलं म्हणजे दुसरं आलं असं अनेक जण धरून चालतात, आणि वाद उभा राहिल्यावर अडकतात.

२००६ मध्ये गूगलने कंपन्यांच्या डोमेनसाठी आपली सेवा खुली केली, २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टचं ऑफिस ३६५ आलं, आणि सर्व्हर खोलीतून बाहेर गेला. यामागे स्वस्ताई होती, तसा थकवाही होता. मार्च २०२१ मध्ये एक्स्चेंजच्या प्रॉक्सीलॉगॉन त्रुटींनी दाखवलं की पॅच (त्रुटी बुजवणारी दुरुस्ती) लावायला काही दिवस उशीर झाला तरी स्वतःचा सर्व्हर परक्याच्या हाती जाऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ यांना मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार संपला. दुसरीकडे, स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्याला नव्या आयपीची पत शून्यातून उभारावी लागते, नाहीतर नीट पाठवलेला मेलही समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतो. तरीही मजकूर आपल्याच हद्दीत ठेवण्याचं बंधन असलेल्या संस्था पोस्टफिक्स आणि आयमॅपने मेल वाचायला देणारं डव्हकॉट लावून आजही उत्तम काम चालवतात, आणि त्यासाठी लागणारा माणूस पदरी असेल तर तो मार्ग पूर्ण समर्थनीय आहे.

क्लाउडवर गेल्यावर हल्ल्याची जागा बदलली. सर्व्हर फोडण्यापेक्षा एका माणसाचा पासवर्ड मिळवणं सोपं. हिशेब विभागातल्या कुणाच्या इनबॉक्समध्ये शिरायचं, आठवडाभर वाचत बसायचं आणि योग्य वेळी ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल त्याच धाग्यात टाकायचा. इथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही खरे ठरतात, कारण मेल खरोखर त्याच खात्यातून गेलेला असतो. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ मध्ये अशा व्यावसायिक मेल फसवणुकीच्या तक्रारींत नोंदलेलं नुकसान सुमारे २९० कोटी डॉलर होतं. नुसत्या नाव-पासवर्डवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पॉप-आयमॅप लॉगिनला दुसरा टप्पा लावता येत नसे. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या क्लाउड मेलमधून ती पद्धत बंद करायला घेतली. त्या पद्धतीने मेल उतरवून घेणारी जुनी सॉफ्टवेअर त्या वेळी अचानक बंद पडली ती यामुळे. नवी यंत्रणा घेताना दोन टप्प्यांचं लॉगिन सर्वांना सक्तीचं करता येतं का, परक्या ठिकाणाहून झालेलं लॉगिन आणि गुपचूप लावलेला फॉरवर्डिंगचा नियम अॅडमिनला दिसतो का, आणि डोमेनची नोंदणी कंपनीच्या स्वतःच्या नावावर आहे की ते बसवून देणाऱ्याच्या, हे तिन्ही प्रश्न किंमत विचारायच्या आधी विचारावेत.