टोकदार अंडं म्हणजे कोंबडा? नाही

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना गोल अंडी निवडायची, म्हणजे तलंगा (माद्या) जास्त निघतात. टोकदार अंड्यातून कोंबडाच येतो, हे अनेक घरांत ठामपणे सांगतात. यात तथ्य नाही. अंड्याचा आकार ठरतो कोंबडीच्या अंडनलिकेत, कवच चढण्याआधी. पिल्लाचं लिंग त्याच्याही आधी, बलक सुटतानाच ठरलेलं असतं. आणि ते ठरवते कोंबडी, कोंबडा नव्हे: माणसाच्या अगदी उलट. एकच कोंबडी बहुधा एकाच घाटाची अंडी घालते, तरी तिला नर-मादी दोन्ही होतातच की! निम्म्या वेळा अंदाज बरोबर येतो, म्हणून समज टिकतो.

पाय धरून उलटं टांगून नर-मादी ओळखण्याची परीक्षाही तशीच. पिल्लाला त्रास, बाकी काही नाही.

एका दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार तपासून लिंग ओळखायची पद्धत 1920च्या दशकात जपानी संशोधकांनी शोधली. ती हॅचरीतल्या सरावलेल्या हातांचं काम. घरी दाबून बघाल तर पिल्लू दगावेल. पंखांच्या पिसांच्या लांबीवरून ओळखता येतं, पण फक्त त्यासाठी मुद्दाम केलेल्या संकरात. गावठी पिल्लांत सहा-आठ आठवडे थांबा. नराचा तुरा मोठा, लाल होतो. पुढे कमरेवर लांब, टोकदार पिसं येतात.