टाकळ्याची भाजी आणि तीन वर्षांचं ‘नको’

पाऊस सुरू होऊन आठ-पंधरा दिवस झाले की आमच्या गुहागरला बांधावर, रस्त्याकडेला टाकळा उगवतो, त्याची कोवळी पानं आणून ओलं खोबरं घालून भाजी केली की घरातल्या मोठ्यांना एक भाकरी जास्त जाते. गेल्या वर्षी माझ्या तीन वर्षांच्या भाचीने ती भाजी बघितली आणि ताटच ढकललं. भाजीला टेकलेला भातसुद्धा नको! हीच पोरगी दीड वर्षाची असताना आज्जीच्या मांडीवर बसून अळवाचं फतफतं मिटक्या मारत खायची, त्यामुळे वहिनी अगदी रडकुंडीला आलेली, की माझंच काहीतरी चुकतंय. वहिनीचं काही चुकत नव्हतं, आणि पोरगीही हट्टी नाहीये.

शास्त्रज्ञ याला फूड निओफोबिया म्हणतात, म्हणजे अनोळखी अन्नाची भीती. साधारण दोन ते सहा वर्षं या वयात ती जास्त असते. मूल चालायला लागलं की आईच्या नजरेआड जातं, दिसेल ते तोंडात घालतं, आणि आपल्या परड्यात काय काय असतं ते आठवा. काजऱ्याचं फळ पिकलं की छान नारिंगी दिसतं, पण त्याच्या बियांत स्ट्रिक्नीन नावाचं जीवघेणं विष असतं आणि ते कडूजहर असतं. झाडांमधली बरीच विषं अशी कडूच, म्हणून ‘ओळखीचं नाही, कडू लागतंय, थुंक’ हा नियम ज्या पोरांच्या अंगात होता ती वाचली असणार, असं याचं कारण मानलं जातं. बिचाऱ्या टाकळ्याला आणि मेथीला तोच नियम लागू होतो.

त्यात जिभेचा भाग वेगळाच. कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे रिसेप्टर माणसाकडे असतात, त्यातल्या एकाच्या जीनमध्ये माणसागणिक फरक असतो, त्यामुळे एकच कडू पदार्थ एकाला जहर लागतो आणि शेजारी बसलेल्याला काहीच वाटत नाही. २००५ साली अमेरिकेत ज्युली मेनेला यांच्या टीमने दाखवलं की या जीनची मिश्र जोडी (आईबापांपैकी एकाकडून कडू जास्त जाणवणारा प्रकार, दुसऱ्याकडून कमी जाणवणारा) असलेल्या मुलांना जो कडूपणा जाणवतो तो तीच जोडी असलेल्या मोठ्यांना तितका जाणवत नाही. म्हणजे ‘काही कडू नाहीये गं, खा’ असं आपण म्हणतो ते आपल्या जिभेपुरतं खरं असतं! आणि ब्रिटनमध्ये पाच हजारांहून जास्त जुळ्यांच्या जोड्यांवर झालेल्या २००७ च्या अभ्यासात नव्या अन्नाच्या भीतीत मुलामुलांमध्ये जो फरक दिसतो त्यातला जवळजवळ ७८ टक्के आनुवंशिक निघाला. आनुवंशिक म्हणजे कायमचं मात्र नाही, सवयीने ते बदलतं.

कसं बदलतं, तर चाखून. १९८२ साली लीअ‍ॅन बर्च आणि डायान मार्लिन यांनी दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी पदार्थ दिले, काही दोनदाच, काही पाच, दहा, पंधरा, वीस वेळा. जो पदार्थ जास्त वेळा चाखला तोच मुलं पुढे जास्त निवडायला लागली. नंतरच्या प्रयोगात असंही दिसलं की नुसतं बघून चवीची ओळख होत नाही, पदार्थ जिभेला लागावा लागतो. साधारण आठ-दहा, कधी पंधरा वेळा लागतात, आणि बहुतेक आईबाप तीन-पाच वेळा देऊन ‘याला आवडत नाही’ म्हणून थांबतात. मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं, अर्ध्या वाटेत सोडतो आपण.

घास मोठा लागत नाही. नरकचतुर्दशीला आपण पायाने कारीट फोडतो आणि कडू रस बोटाने जिभेला लावतो, तेवढंच, शिताएवढं. थुंकायची मुभा हवी. आज टाकळा, चार दिवसांनी परत टाकळा, भांडण नाही.

भांडणाचं खरंच नुकसान होतं. लहान मुलांना ‘सूप संपव, सूप संपव’ म्हणत राहिलं तर ती कमी प्यायली आणि तक्रारी जास्त केल्या, असं २००६ च्या एका प्रयोगात दिसलं. ‘भाजी खा मग खाजा देते’ हेही तसंच, एक पदार्थ बक्षीस झाला की दुसरा आपोआप शिक्षा वाटायला लागतो. नुसतं चाखल्याबद्दल एखादा स्टिकर दिला तर मात्र फायदा झालेला आहे, फक्त बक्षीस खायचं नको.

आणि आपलं ताट बघा की. आपल्याकडे मासे असले की मोठ्यांच्या ताटात तळलेला बांगडा आणि पोराच्या ताटात एकट्याला दुधी, मग ते का खाईल? शेजारचं मोठं माणूस त्याच रंगाचं खात असेल तर लहान मुलं नवा पदार्थ जास्त सहज घेतात, हे प्रयोगात दिसलंय. खोबरं सढळ घाला, त्याच्या स्निग्ध गोडव्याने कडूपणा मवाळ होतो. घावन्यात पाला वाटून घालायला हरकत नाही, पोटात जातो, पण लपवलेल्या भाजीशी ओळख होत नाही, म्हणून थोडी दिसेल अशी पण ठेवा. मांडवावरचं शिराळं पोराला स्वतःला तोडू द्या.

एक मात्र, मुलाचं वजन वाढत नसेल, घास घशात अडकून सारखी उबळ येत असेल, किंवा खाण्याची यादी आटत आटत चार-पाच पदार्थांवर आली असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे, काजू, अख्खी द्राक्षं नकोत, घशात अडकतात.

यंदा वहिनीने कॅलेंडरवर टाकळ्याच्या नावाने रेघा मारायला सुरुवात केलीय. परवा सातवी रेघ पडली. भाचीने एक पान उचललं, जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि आज्जीच्या ताटात नेऊन ठेवलं. आज्जीने ते खाल्लं.