प्रोसेसरचे अवस्थांतर शीतन

द्रवाचे बाष्प होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. या अप्रकट उष्म्याचा उपयोग करून, घरगुती फ्रिजच्याच तत्त्वावर संगणकाचा प्रोसेसर थंड ठेवण्याच्या पद्धतीस अवस्थांतर शीतन म्हणतात. हीट पाइपमध्येही, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या बंद नळीतही, द्रव उकळतो आणि पुन्हा निवतो. पण तेथे कॉम्प्रेसर नसल्यामुळे प्रोसेसर खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. येथे तो शून्याच्या बराच खाली नेता येतो.

कॉम्प्रेसरने दाबलेला तप्त वायू कंडेन्सरच्या नळ्यांत पंख्याच्या वाऱ्याने निवून द्रवरूप होतो, अतिशय बारीक कॅपिलरी नळीतून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि प्रोसेसरवर घट्ट आवळलेल्या तांब्याच्या पोकळ ठोकळ्यात तो उकळू लागतो. वातावरणीय दाबाला आर-134ए हा फिरवला जाणारा शीतक उणे 26, तर प्रोपेन उणे 42 अंश सेल्सिअसला उकळतो. याहून खाली जायचे असल्यास एका यंत्रणेच्या थंडीने दुसरीतील वायू निववणारी जोडयंत्रणा वापरतात. संगणक सरळ फ्रिजमध्येच ठेवावा, ही कल्पना अनेकांना सुचते. परंतु घरगुती फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालण्यासाठी बनवलेला असतो, आणि शंभर वॅटचा अखंड मारा त्याला झेपत नाही.

थंडीत ट्रान्झिस्टरमधील गळती प्रवाह (बंद असतानाही झिरपणारी वीज) घटतो, धातूच्या जोडण्यांचा रोध कमी होतो आणि प्रोसेसर अधिक वेगाने, तरीही न अडखळता चालतो. 1997 मध्ये आयबीएमने एस/390 मालिकेतील चौथ्या पिढीच्या मेनफ्रेममध्ये (मोठ्या संस्थांच्या महासंगणकीय यंत्रात) प्रशीतन वापरले. व्यक्तिगत संगणकात अमेरिकेतील क्रायोटेक कंपनीने एएमडीचा अ‍ॅथलॉन प्रोसेसर उणे 40 अंशांच्या आसपास ठेवून जानेवारी 2000 मध्ये 1 गिगाहर्ट्‌झचा संगणक बाजारात आणला. ही आघाडी दोनच महिने टिकली, कारण मार्चमध्ये एएमडीनेच साध्या पंख्यावर चालणारा 1 गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर काढला. पुढे डेन्मार्कमधील व्हेपोचिल आणि प्रोमेटिया ही उपकरणे हौशी मंडळींत नावाजली गेली.

खरी अडचण थंड करण्याची नाही, दवाची आहे. ठोकळ्याचे तापमान दवबिंदूखाली, म्हणजे हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानाखाली, गेले की गार पाण्याच्या पेल्याबाहेर जमतात तसे थेंब सॉकेटभोवती (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेभोवती) जमतात आणि मदरबोर्ड शॉर्ट होतो. म्हणून ठोकळ्याभोवती निओप्रीन या फेसाळ रबराचे थर लावतात, सॉकेटच्या फटी वीजरोधक ग्रीसने भरतात आणि मदरबोर्डच्या पाठीमागे एक छोटा हीटरही बसवतात. थंड करण्याच्या यंत्राला हीटर जोडावा लागतो, हे वरवर विचित्र वाटले तरी अटळ आहे. पावसाळ्यात मुंबईचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे तेथे शून्याखाली न जाताही पाणी सुटते.

अशा संगणकाचे बटण दाबले की आधी नुसता कॉम्प्रेसर सुरू होतो, आणि ठोकळा ठरलेल्या तापमानापर्यंत गार झाल्यावरच मदरबोर्डला वीज मिळते. उणे 196 अंशांचे द्रव नायट्रोजन वेगाचे विक्रम करण्यास अधिक उपयोगी असले, तरी ते सतत ओतत राहावे लागते. अवस्थांतर यंत्रणा मात्र रात्रंदिवस चालू शकते. त्याची किंमत म्हणजे कॉम्प्रेसरची घरघर, वाढलेले वीजबिल आणि प्रोसेसर बदलताना दर वेळी सगळे निओप्रीन सोलून पुन्हा चिकटवण्याची कटकट.