मोजून ठेवलेला देश

नोव्हेंबर १९३३. अमेरिकेत महामंदीचा कहर होता. नवी बांधकामे थांबल्याने वास्तुविशारद मोठ्या संख्येने बेकार झाले होते. राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्यात काम करणाऱ्या २६ वर्षांच्या चार्ल्स पीटरसन यांनी १३ तारखेला वरिष्ठांकडे एक टिपण पाठवले. यांतल्या हजार जणांना कामावर घ्या आणि देशातल्या जुन्या इमारती नाहीशा होण्याआधी त्यांच्याकडून मोजून घ्या, असा तो प्रस्ताव होता. काही दिवसांतच मंजुरी मिळाली आणि 'हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे', म्हणजे हॅब्स, सुरू झाला.

तो आजही चालू आहे. पूल, गिरण्या, यंत्रे यांची नोंद घेणारा एक विभाग १९६९ मध्ये आणि बागा व परिसरांची नोंद घेणारा दुसरा २००० मध्ये त्याला जोडला गेला. तिन्ही मिळून चाळीस हजारांहून अधिक स्थळांचे दप्तर तयार झाले आहे. त्यातले आराखडे, छायाचित्रे आणि लेखी इतिहासाची पाने मोजली तर संख्या पाच लाखांपलीकडे जाते. हे सारे वॉशिंग्टनमधल्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयात जपलेले आहे आणि त्याचा बहुतेक भाग ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतो.

पीटरसन यांच्या टिपणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी काय काय मोजायचे ठरवले ती यादी. किल्ले आणि चर्च तर होतेच. पण धान्याची कोठारे, गिरण्या, दुकाने, पूल, शेतावरच्या साध्या खोपीसुद्धा होत्या. १९३४ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अकोमा या मूळनिवासींच्या गावातली दगडमातीची घरे मोजली गेली. दक्षिणेकडे गुलामांच्या खोपटांचे फोटो घेतले गेले. अशा खोपटांवर स्मारकाची पाटी लावायचे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसते. गुलामांचे आयुष्य कसल्या भिंतींआड गेले हे शोधणारे अभ्यासक आज याच नोंदींकडे वळतात.

आता मोजणीकडे वळू. फोटोवरून इमारत ओळखता येते, पण तेवढ्यावर ती पुन्हा बांधता येत नाही. कॅमेऱ्यात जवळचे मोठे आणि लांबचे लहान दिसते, भिंतीची जाडी तर दिसतच नाही. त्यासाठी तळनकाशा हवा, उभा छेद हवा, चौकटीच्या नक्षीचा तपशील हवा. हॅब्सच्या आराखड्यांत साधारणपणे पाव इंच म्हणजे एक फूट असे प्रमाण असते. शिवाय कागदावर मोजपट्टीही रेखलेली असते. आराखड्याची प्रत लहान-मोठी झाली तर ही पट्टीही त्याच प्रमाणात बदलते, म्हणून माप काढता येते.

स्कॅनिंगमध्येही हीच काळजी घ्यावी लागते. समजा १९ बाय २४ इंचांचा कागद दर इंचाला ४०० ठिपके या दराने स्कॅन केला, तर सुमारे ७ कोटी ३० लाख ठिपके मिळतात. एवढे कशाला? कारण कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेला आकडा वाचता आला नाही, तर उरते नुसते चित्र.

काही वास्तूंपुढे टेप हतबल होते. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या तांब्याच्या वस्त्राला एकही सरळ कड नाही. २००१ मध्ये टेक्सस टेक विद्यापीठाच्या साथीने हॅब्सने तो लेसरने मोजायला घेतला. काही लेसर यंत्रे प्रकाशाचा झोत पाठवतात आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजतात. एका नॅनोसेकंदात प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर जातो. तीन मिलिमीटरचा फरक ओळखायचा तर वेळेतला अवघा २० पिकोसेकंदांचा फरक पकडावा लागतो. एक पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग. अशा असंख्य बिंदूंच्या ढगातून पुतळ्याचा आकार उमटतो.

तरीही या कामात कागदाला आणि फिल्मला फार मान राहिला आहे, आणि मला तो रास्त वाटतो. आराखड्याचे साहित्य ५०० वर्षे टिकेल असे असावे, असा दंडक आहे. शाईची रेघ वाचायला डोळे पुरतात. बिंदूंच्या ढगाची फाइल उघडायला मात्र तेच सॉफ्टवेअर, किंवा तिचे वेळेवर केलेले रूपांतर लागते. म्हणून दोन्ही हवेत: टिकण्यासाठी कागद, पोहोचण्यासाठी संगणक.

पोहोचण्याचे मोल न्यूयॉर्कच्या पेन्सिल्व्हेनिया स्टेशनने शिकवले. १९१० मध्ये उघडलेले हे भव्य स्थानक ऑक्टोबर १९६३ मध्ये पाडायला घेतले. त्याच्या आदल्या वर्षी हॅब्ससाठी त्याची छायाचित्रे काढली गेली होती. एकेकाळी ती पाहायला वॉशिंग्टन गाठावे लागे; आज नाशिकमधला विद्यार्थीही फोनवर ते काचेचे छत न्याहाळू शकतो. सरकारी खर्चाने तयार झालेल्या या नोंदींवर सहसा हक्कांचे बंधन नसते, त्यामुळे त्या उतरवून घ्यायला किंवा पुस्तकात छापायला परवानगीचा अर्ज करावा लागत नाही. नुसते दाखवणारे संग्रह पुष्कळ असतात; वापरू देणारे थोडे.

भर पडणेही थांबलेले नाही. पीटरसन यांच्या नावाने दरवर्षी विद्यार्थ्यांची स्पर्धा होते. वास्तुकलेचे विद्यार्थी एखादी जुनी इमारत टेप लावून मोजतात, हॅब्सच्या नियमांनी आराखडे काढतात, आणि ते आराखडे याच संग्रहात दाखल होतात.